पदवीनंतरची उमेदवारी

आपल्या समाजातील मुलेमुली आज पदवी संपादन करून मोठमोठ्या कंपन्यांत प्रवेश करीत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. या प्रसंगी ‘उमेदवारी’ या जुन्या शब्दाचा इतिहास आठवणे उचित ठरेल.

इंग्रजी अमदानीत कचेरीची नोकरी इच्छिणारा तरुण प्रथम उमेदवार म्हणून राही, बहुधा बिनपगारी. जुन्या कारकुनाशेजारी बसून नकला कराव्यात, दप्तर लावावे, अशी रीत होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली रानडे, भांडारकर आदी पहिले पदवीधर बाहेर पडले. पुढे पदवी म्हणजेच नोकरीचा परवाना, असा समज रूढ झाला. कारखान्यांत मात्र तो टिकला नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. पदवीनंतरही उमेदवारी असते, हे कायद्यानेच मान्य केले!

माझा एक हुशार विद्यार्थी अभियंता झाला. फोरमनने हाती कानस दिली, म्हणून तीन महिन्यांत नोकरी सोडून घरी परतला. वडिलांनी शेत गहाण ठेवून त्याला शिकविले होते. त्या वेळी मीही त्याचीच बाजू घेतली. ती चूक मला आजही सलते.

नवपदवीधरांनो, पहिले वर्ष पाहण्यात व विचारण्यात घालवा. ज्याला काम येते, त्याला गुरू माना. त्याची पदवी पाहू नका. अन्याय झाल्यास अवश्य बोला. परंतु शिकावे लागणे हा अन्याय नव्हे.