लाखमोलाचे घड्याळ आणि ग्राहकाचा हक्क

कोल्हापूर - गुजरीतील सराफाच्या पेढीवर पाऊल टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी बसायला सांगितले जाते, मग चहा येतो आणि त्यानंतर सावकाश दागिन्यांचा विषय निघतो. सोन्याचा त्या दिवसाचा दर फलकावर लिहिलेला असतो, वजन काट्यावर दिसते, घट आणि मजुरीवरून घासाघीस होते. दोन-तीन पिढ्यांचा परिचय असल्याने शब्दाला किंमत असते. तेवढ्याच किंवा त्याहून मोठ्या रकमेचे स्विस घड्याळ घेताना मात्र यांपैकी एकही आधार ग्राहकाच्या हाती नसतो. घड्याळाला बाजारभाव नाही, वजनावरून त्याचे मोल ठरत नाही आणि आतील यंत्रणा त्याला दिसत नाही. त्याच्या पैशाची सुरक्षितता बहुतांशी तीन कागदांवर अवलंबून असते : पक्के बिल, तारीख घातलेले वॉरंटी कार्ड आणि पुढे कधी दुरुस्तीची वेळ आली तर दुकानाने दिलेली लेखी पोच.

कोल्हापूरकर ग्राहकाच्या बाबतीत या कागदांचे महत्त्व अधिक आहे. अतिमहाग परदेशी घड्याळांच्या खरेदीसाठी जिल्ह्यातील मंडळी बहुधा पुण्या-मुंबईकडे वळतात. पुणे सुमारे २३० आणि मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटरवर. खरेदीच्या दिवशी हे अंतर जाणवत नाही. लग्नसराईत किंवा पाडवा-दसऱ्याच्या मुहूर्तावर सारे घरच हौसेने निघते. घड्याळ बंद पडले आणि दुकानातील माणूस दूरध्वनीवर टाळाटाळ करू लागला, की तेच अंतर डोंगराएवढे होते.

घड्याळजीपासून शोरूमपर्यंत

परदेशी घड्याळांचा व्यापार महाराष्ट्राला नवा नाही. फाव्र-लुबा या स्विस कंपनीने १८६५ मध्येच मुंबईत बस्तान बसविले होते. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या घड्याळांनीही याच शहरातून देशभर नाव कमावले. मात्र सर्वसामान्य मराठी घरात मनगटी घड्याळ आले ते बरेच नंतर, आणि तेही ठराविक प्रसंगी : मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरमध्ये घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला आणि हा प्रसंग मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. (ही घड्याळे बंद करण्याच्या निर्णयावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले.) त्या काळात विक्रीनंतरची सेवा म्हणजे पेठेतला घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून बसलेला हा कारागीर गिऱ्हाइकाच्या देखतच मागचे झाकण उघडत असे. घड्याळाला काय झाले आहे हे गिऱ्हाइकाला तिथेच समजे.

१९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी स्थापन केली. तिने १९८७ पासून स्वतःची दालने उघडली आणि घड्याळ विकण्याची रीतच पालटली. कपाटातील दोन-चार नमुन्यांऐवजी उजेडात मांडलेले ट्रे, गणवेशातील विक्रेते, बिलासोबत गॅरंटी कार्ड. पुढे एप्रिल २००१ पासून ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले, मोठ्या शहरांत परदेशी घड्याळांची दालने वाढू लागली आणि तस्करीच्या मालाकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही हळूहळू बदलली. घड्याळजी आणि गिऱ्हाईक यांच्यातील तो उघडा व्यवहार मात्र या प्रवासात मागे पडला. आता घड्याळ काउंटरवरून आत जाते, तेथून दुसऱ्या शहरात आणि क्वचित परदेशातही.

दालनातील वागणूक

ऊसबिलाचे पैसे खात्यावर जमा झालेला शेतकरी आणि मोटारीच्या किल्ल्या बोटावर फिरवीत आलेला तरुण व्यावसायिक, दोघांच्याही खिशाला घड्याळ परवडत असले तरी काचेच्या दारामागे दोघांचे स्वागत सारखेच होईल याची खात्री नसते. वेशावरून माणूस जोखण्याची खोड ऊंची मालाच्या विक्रेत्यांत जगभर आढळते. ही उपेक्षा बोचरी असली तरी ती कायद्याच्या चौकटीत सहजासहजी बसत नाही. घड्याळाच्या कंपनीच्या भारतातील कार्यालयाकडे लेखी तक्रार करणे, एवढाच व्यवहार्य मार्ग राहतो. आपल्या नाममुद्रेची प्रतिष्ठा कंपनीला प्रिय असल्याने तो अगदीच निरुपयोगी नाही.

दुसरा अनुभव याहून गंभीर आहे. मागणी मोठी आणि पुरवठा तोकडा असलेल्या काही मॉडेलांसाठी ग्राहकाचे नाव प्रतीक्षायादीत घेतले जाते. यादी असण्यात गैर काही नाही. परंतु हवे ते घड्याळ मिळण्यासाठी आधी दुसरे एखादे घड्याळ किंवा दागिना घ्यावा, असे सूचित केले जाऊ लागले की प्रश्न निराळा होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील निर्बंधात्मक व्यापारी प्रथेच्या व्याख्येत नेमकी हीच बाब येते : एक वस्तू विकण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणे. ठरलेल्या मुदतीपलीकडे माल देण्यास उशीर लावून त्यामुळे किंमत वाढणे, हेही त्याच व्याख्येत आहे. अडचण पुराव्याची. अशी अट कागदावर कोणी लिहून देत नाही. म्हणून आगाऊ रक्कम देताना मॉडेलचा क्रमांक, किंमत, अंदाजे मुदत आणि नोंदणी रद्द केल्यास रक्कम परत मिळण्याची तरतूद पावतीवर लिहून घेणे किंवा ई-मेलने मागविणे श्रेयस्कर.

किमतीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आयात केलेल्या वेष्टित मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. दुय्यम बाजारात एखाद्या मॉडेलचा भाव कितीही चढो, अधिकृत विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही.

कार्डावरची तारीख

वॉरंटी कार्ड कोरे घेणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. कार्डावर घड्याळाचा मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि अधिकृत विक्रेत्याचे नाव किंवा शिक्का हवा. अनुक्रमांक घड्याळावरील क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा. काही कंपन्यांनी कागदी कार्डाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदणी सुरू केली आहे. तेथे नोंद झाल्याचे पडद्यावर पाहिल्याशिवाय काउंटर सोडू नये.

मुदत कंपनीगणिक बदलते. रोलेक्सने २०१५ पासून पाच वर्षांची आंतरराष्ट्रीय हमी लागू केली, ओमेगाने २०१८ मध्ये आपल्या सर्व घड्याळांना तेवढीच मुदत दिली. बऱ्याच कंपन्या मात्र दोनच वर्षांची हमी देतात. काच फुटणे, पट्टा झिजणे, आपटणे आणि अनधिकृत ठिकाणी झाकण उघडणे यांना हमी सहसा लागू होत नाही. ओळखीच्या घड्याळजीकडे सेल बदलून घेतल्याने हमी गमावल्याची उदाहरणे याच अटीमुळे घडतात. त्यात घड्याळजीच्या कौशल्याचा दोष असेलच असे नाही, पण कार्डावरील बारीक अक्षरांना कौशल्य दिसत नाही.

पुष्कळ भांडणे अपुऱ्या माहितीतून उद्भवतात. नवे कोरे, चार-पाच लाखांचे स्वयंचलित घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे जाते आणि पाचशे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ महिनाभरात जेमतेम पंधरा सेकंद चुकते, हे पाहून ग्राहकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात यांत्रिक घड्याळाचा तो स्वभावच आहे. स्वित्झर्लंडमधील ‘सीओएससी’ या अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या यंत्रणेलाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा आहे. घड्याळ एकाएकी मिनिटामिनिटाने पुढे पळू लागले तर बहुधा मोबाइल वा स्पीकरच्या सान्निध्याने त्यात चुंबकत्व शिरलेले असते. ते काढणे हे काही मिनिटांचे काम आहे. चांगला विक्रेता हे सारे विक्रीच्या वेळीच समजावून सांगतो. सेवेची परीक्षा खरे तर इथेच होते.

पाण्याचेही तसेच. तबकडीवर ३० मीटर लिहिले असले तरी ते घड्याळ घालून पोहता येते असा त्याचा अर्थ नाही. हात धुताना उडणारे पाणी सोसण्याइतकीच ती क्षमता. पोहण्यासाठी निदान १०० मीटरचे घड्याळ सुरक्षित मानले जाते आणि त्याचेही रबरी पॅकिंग काळाने झिजते. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतील दुकाना-घरांत शिरले, त्या शहराला कपाटातील कागदांची चिंता वेगळी सांगायला नको. बिल आणि कार्डाचे छायाचित्र काढून ते ई-मेलवर साठविण्यास काहीच खर्च येत नाही.

दुरुस्तीची पोच

विक्रीच्या वेळी अदबशीर असणारे दालन दुरुस्तीच्या वेळी कसे वागते, यावर ग्राहकाचे खरे समाधान ठरते. यांत्रिक घड्याळ काही वर्षांनी पूर्ण उघडून, साफ करून, तेलपाणी करून घ्यावे लागते. रोलेक्स त्यासाठी साधारण दहा वर्षांचा, तर ओमेगा पाच ते आठ वर्षांचा कालावधी सुचविते. महागड्या मॉडेलांत हा खर्च एखाद्या चांगल्या नव्या घड्याळाएवढा होऊ शकतो, हे खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितले जाते. ग्राहकाने तेव्हाच विचारावे.

घड्याळ जमा करताना मिळणाऱ्या पोचपावतीवर अनुक्रमांक, असलेले ओरखडे, पट्ट्याच्या कड्यांची संख्या, सांगितलेला दोष आणि परतीची अंदाजे तारीख यांची नोंद हवी. खर्चाचा अंदाज लेखी मंजूर केल्याखेरीज काम सुरू करू नये, असेही तिच्यावर लिहून घ्यावे. जुन्या घड्याळाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आहे. आजोबांच्या घड्याळाची तबकडी चकाकून परत आली म्हणून हर्ष होतो, पण मूळ तबकडी बदलली असल्यास संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल घटते. मूळ भाग बदलू नयेत, बदललेच तर काढलेले भाग परत द्यावेत, हे आधी सांगावे लागते.

स्वस्ताचा मोह

नातेवाइकाने दुबईहून आणलेले किंवा ओळखीच्या माणसाकडून बिलाविना मिळालेले घड्याळ स्वस्त पडते, यात शंका नाही. भारतात या मालावर आयात शुल्क आणि वर १८ टक्के जीएसटी आहे. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या ‘एफ्टा’ गटाशी भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. तोवर मोह राहणार. प्रवाशाने मोफत मर्यादेपलीकडील किमतीचे घड्याळ विमानतळावर घोषित करून शुल्क भरले असेल, तर ती पावती बिलाइतकीच जपावी. बिलाविना घेतलेल्या घड्याळाची हमी, विमा आणि चोरी झाल्यास पोलिसांकडील तक्रार, सारेच लंगडे पडते.

रोखीचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहणेच बरे. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास २०१७ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. दहा लाखांवरील मनगटी घड्याळांच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करण्याचा नियम २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. हा एक टक्का ग्राहकाच्या पॅनवर जमा होतो व विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पॅन अचूक देणे ग्राहकाच्याच हिताचे.

दाद कोल्हापुरातच

ग्राहक चळवळीचे मूळ याच राज्यात आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्यात जिल्ह्याबाहेर खरेदी करणाऱ्यांसाठी एक मोलाची तरतूद झाली. पूर्वी विक्रेता जेथे व्यवसाय करतो किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथेच दाद मागावी लागे. आता ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. मुंबईत घेतलेल्या घड्याळासाठी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे दार त्यामुळे खुले आहे. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. अनेक प्रकरणे कंपनीशी होणाऱ्या पत्रव्यवहारातच मिटतात. न मिटल्यास विक्रेता आणि आयातदार कंपनी या दोघांनाही नोटीस पाठवून आयोगाकडे जाता येते. दावा करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. वकील देण्याची सक्ती नाही, ऑनलाइन दाखल करण्याची आणि दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची सोय आहे. वस्तूत दोष आहे की नाही हे ठरविण्यासाठी आयोग ती प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. अशा तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत, आणि तपासणीची गरज नसेल तेथे तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, याची मनाची तयारी ठेवावी लागते.

बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविल्या आहेत. बिलावर परतीची मुदत दिलेली नसल्यास ती ३० दिवसांची धरली जाते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या छापील ओळीने सदोष मालाबाबतचा हा हक्क संपत नाही. मात्र पुन्हा विकून नफा मिळविण्यासाठी घड्याळ घेणारा या कायद्याच्या लेखी ग्राहक नाही. दुय्यम बाजारातील भाव पाहून प्रतीक्षायादीत नाव घालणाऱ्यांना आयोगाचा आधार मिळणे कठीण.

शुल्क म्हणाल तर पाच लाखांपर्यंतच्या घड्याळासाठी ते शून्य आहे. पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत एक हजार रुपये. तक्रारीसोबत बिल, वॉरंटी कार्ड, दुरुस्तीची पोच आणि विक्रेत्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती जोडाव्या लागतात.