फोल्डरच्या वाटेवरचा येन

विंडोजचा संगणक जपानीत लावला की मेन्यू बदलतात, फोल्डरांची नावे बदलतात. हे सगळे अपेक्षितच असते. एक बदल मात्र सहसा कोणी सांगत नाही. फाइलचा पत्ता लिहिताना ‘सी’ ड्राइव्हनंतर जी उलटी तिरपी रेघ येते, तिच्या जागी जपानी फाँटमध्ये चक्क येनचे चिन्ह दिसते. सी, येन, यूजर्स, येन, अमुकतमुक. जणू प्रत्येक फोल्डरच्या दाराशी टोलनाका आहे.

भाषा शिकायची तर तिच्यात स्वतःला बुडवून घ्यायचे, असे मानणारे पुष्कळ लोक आज जपानी शिकताना पहिल्यांदा हेच करतात. फोन जपानीत, संगणक जपानीत, वॉलपेपरवर त्या आठवड्याच्या कांजी, कानात दिवसभर जपानी आवाज. माझे संशोधन तंत्रज्ञानाच्या इतिहासातले आणि कामाची कागदपत्रे जपानी, म्हणून माझाही संगणक गेली दोन वर्षे जपानीच बोलतो. पण ज्या पडद्यात आपण बुडी मारतो तो जपानी झाला कसा, हा प्रश्न बहुतेकांना पडत नाही. त्याचे उत्तर त्या येनपासून सुरू होते.

१९६९ साली जपानने संगणकासाठी अक्षरांचा एक मानक तक्ता ठरवला. अमेरिकी आस्की तक्त्यात उलट्या रेघेची जी जागा होती ती येनला दिली आणि मोकळ्या राहिलेल्या घरांत काताकाना ही उच्चारलिपी बसवली. आठ बिटांत २५६ खुणा मावतात. कांजी तर हजारोंनी आहेत, त्यांना जागाच नव्हती. त्यामुळे त्या काळचा जपानी संगणक तारेच्या भाषेत बोले, सगळे काताकानात. ते वाचता येई, पण वाचवत नसे.

यंत्र आणि कांजी यांचे भांडण त्याहूनही जुने. क्योता सुगिमोतो यांनी १९१५ साली जपानी टाइपरायटर बनवला, त्यात एका तबकात सुमारे २,४०० खिळे असत. हवा तो खिळा शोधायचा, उचलायचा, कागदावर ठोकायचा. कंपोझिटरने खिळे जुळवावेत तसेच हे काम, आणि ते शिकलेल्या माणसालाच जमे. १९२० साली तर कानामोजीकाई नावाची संस्था निघाली. कांजी सोडा आणि नुसत्या काताकानात लिहा, असे तिचे म्हणणे होते. यंत्रासाठी लिपी बदलावी, असे शिकलेसवरलेले लोक गांभीर्याने म्हणत होते, हे विसरू नये. आपल्याकडेही देवनागरी ‘सुधारण्या’च्या योजनांमागे टाइपरायटर आणि छापखाना होताच.

तोशिबा कंपनीत केनिची मोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा मार्ग धरला. माणसाने उच्चार टाइप करायचा आणि कांजी कोणती ते यंत्राने ओळखायचे. ऐकायला सोपे वाटते. पण जपानीत एका उच्चाराचे इतके शब्द असतात की पुढचे वाक्य या क्षेत्रात कसोटी म्हणून प्रसिद्ध आहे: ‘किशा नो किशा गा किशा दे किशा शिता’. अर्थ असा, की तुमच्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीने कचेरीत परतला. चार किशा, चार वेगवेगळ्या कांजी-जोड्या. कोणती कुठे बसेल हे कळायला यंत्राला थोडे व्याकरण लागते, आणि हा माणूस नेहमी काय निवडतो याची आठवणही. हे दोन्ही असलेले ‘जेडब्ल्यू-१०’ नावाचे यंत्र सप्टेंबर १९७८ मध्ये जाहीर झाले. आकार ऑफिसातल्या टेबलाएवढा, वजन २२० किलो, किंमत ६३ लाख येन. घरात ठेवायची वस्तू नव्हेच. पण आज आपण फोनवर रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवतो, त्या पद्धतीचे नाते या टेबलाशी लागते.

त्याच वर्षी ६,३४९ कांजींचा राष्ट्रीय तक्ता आला. त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. तक्त्यासाठी देशभरच्या स्थळनामांच्या याद्याही चाळल्या होत्या. नंतर १९९७ च्या सुधारित आवृत्तीसाठी छाननी झाली तेव्हा लक्षात आले, की काही कांजी कुठल्याच शब्दात वापरात नाहीत. त्यांतल्या एकीचा उगम असा सापडला: एका गावाच्या नावातली कांजी छापखान्यात नव्हती. म्हणून ‘डोंगर’ आणि ‘स्त्री’ या दोन कांजी कापून एकीखाली एक चिकटवल्या. कागदाच्या कडेची सावली प्रतीत आली आणि पुढच्या माणसाने ती आडवी रेघ समजून उतरवून घेतली. अशा कांजींना जपानीत भुताची अक्षरे म्हणतात. एकदा क्रमांक मिळाला की अक्षर काढता येत नाही, त्यामुळे ती सावली युनिकोडमध्येही आहे. तुमच्या-माझ्या फोनमध्येही आहे.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १९८२ साली एनईसीचा पीसी-९८०१ आला. कांजींचे साचे त्याने वेगळ्या चिपमध्ये ठेवले. एका अक्षराला सोळा गुणिले सोळा ठिपके, म्हणजे पडद्यावर ओळीत चाळीस अक्षरे. परदेशी संगणकांना हे जमत नव्हते, म्हणून जपानी बाजार बरीच वर्षे एनईसीच्या हातात राहिला. माउसच्या बाणामागे धावणारे आणि बाण थांबला की झोपी जाणारे ते छोटे मांजर कोणाला आठवत असेल, तर तेही मुळात याच यंत्रावरचे. डेस्कटॉप सजवण्याची हौस जपानमध्ये जुनी आहे. १९९० मध्ये आयबीएमच्या जपान शाखेने डॉस/व्ही काढले. त्यात कांजी चिपऐवजी सॉफ्टवेअरमधून उमटत. साधा अमेरिकी संगणक जपानी झाला तो तेव्हा.

आता बुडी मारण्याकडे वळू. ही पद्धत संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकी नौदलाने १९४१ मध्ये जपानी भाषेची शाळा सुरू केली. पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या लोकांना हलवण्याचे आदेश निघाल्यावर १९४२ मध्ये बर्कलीतली ही शाळा कोलोरॅडोतल्या बोल्डरला न्यावी लागली, कारण शिकवणारे बरेचसे त्याच समाजाचे होते. ज्या सरकारने त्यांच्या आप्तांना छावण्यांत ठेवले, त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांना हे शिक्षक आपली भाषा शिकवत होते. डोनाल्ड कीन हे पुढे जपानी साहित्याचे मोठे भाषांतरकार झाले, ते इथलेच विद्यार्थी. युद्धात त्यांच्या हाती आल्या त्या मेलेल्या जपानी सैनिकांच्या डायऱ्या. त्या वाचूनच जपानी माणसे आपल्याला प्रथम खऱ्या अर्थाने भेटली, असे ते सांगत.

याच्यापुढे डेस्कटॉपची बुडी गुडघाभर पाण्यातली आहे, असे माझे मत. संगणक रोज तेच ऐंशी-शंभर शब्द दाखवतो. उघडा, बंद करा, काढून टाका, कृपया थांबा. तो चूक सुधारत नाही आणि तुम्ही थोरल्या माणसाशी धाकट्यासारखे बोललात तर भुवया उंचावत नाही. पण ते थोडे शब्द हाडात मुरतात, हेही खरे. ‘सेव्ह’ला जपानीत होझोन म्हणतात. डबाबंद अन्न टिकवणे, जुनी देवळे सांभाळणे, यालाही होझोनच. हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही, रोज फाइल साठवताना शिकले. मग लक्षात आले की आपल्याकडच्या मेन्यूत ‘जतन करा’ लिहिले आहे, आणि तो शब्दही तितकाच जुना, तितकाच घरगुती आहे.

मराठी पडद्याची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. पुण्यात सी-डॅक होते, भारतीय लिप्यांचे मानक होते, तरी कित्येक वर्षे प्रत्येक फाँटचा संकेत निराळा होता. परदेशात घरून आलेली मराठी ईमेल उघडली की कचरा दिसे. जपानीत या प्रकाराला मोजिबाके म्हणतात. त्यातला ‘बाके’ हा कोल्ह्याने किंवा भुताने रूप पालटण्याचा शब्द. आपण नुसतेच ‘फाँट नाहीये’ म्हणत राहिलो. विंडोज २००० पासून देवनागरी नीट उमटू लागली आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांतला फरक सांभाळणारा ‘ऱ’ युनिकोडमध्ये आहे. तरी मराठी मेन्यू लावलेला संगणक मी फार क्वचित पाहिला आहे. जपानी अभियंत्यांपुढे इलाजच नव्हता. त्यांचे गिऱ्हाईक इंग्रजी मेन्यू वाचू शकत नव्हते. आपल्यातला जो वर्ग पहिले संगणक विकत घेत होता त्याचे इंग्रजीवर भागत होते.

इथल्या रविवारच्या मराठी शाळेत एका अकरा वर्षांच्या मुलाने वडिलांचा फोन गुपचूप मराठीत लावून दिला. वडील पुण्यात मराठी माध्यमात शिकलेले. त्यांना अलार्म कुठे बंद करायचा ते सापडेना, आणि तो वाजत असताना मुलगा अक्षर अक्षर जुळवत त्यांना बटणे वाचून दाखवत होता.