ग्राफीनची वैद्यकातली वाट १८५९ पासून सुरू होते

ग्राफीनच्या वैद्यकीय उपयोगांवरचे रिव्ह्यू वाचायला घेतलेत तर बहुतेकांची सुरुवात एकच दिसेल: २००४ साल, मँचेस्टर, चिकटपट्टी आणि मग २०१० चं नोबेल. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांचं श्रेय वादातीत आहे. पण चिकटपट्टीने सोललेला तो थर वेगळा आणि उंदराच्या शिरेत टोचलेलं 'ग्राफीन' वेगळं. हे लक्षात यायला मला पहिले सहा महिने लागले, म्हणून हे लिहितेय.

टोचलेला पदार्थ बहुतेक वेळा ग्राफीन ऑक्साइड असतो, आणि तो कितीतरी जुना आहे. १८५९ मध्ये ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडीने ग्राफाइट, पोटॅशियम क्लोरेट आणि धूरयुक्त नायट्रिक आम्ल यांची प्रक्रिया पुन्हा पुन्हा केली. हाती आलेल्या पदार्थात कार्बनसोबत हायड्रोजन आणि ऑक्सिजनही होते. बिचारा शोधत होता ग्राफाइटचा अणुभार! त्याने तो ३३ काढला आणि 'ग्राफॉन' नावाचं मूलद्रव्यही सुचवलं. निष्कर्ष साफ चुकला, पण पदार्थ खरा होता. पुढे १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफेमन यांनी क्लोरेट टाळून सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट यांची कृती दिली. आज लॅबमध्ये आपण 'मॉडिफाइड हमर्स' म्हणतो ती हीच. फक्त प्रत्येकाचं मॉडिफिकेशन निराळं.

वैद्यकाला ऑक्साइडच का लागलं? कारण साधं आहे. नुसतं ग्राफीन पाण्यात टिकत नाही, गोळा होऊन बसतं. ऑक्साइडवरचे हायड्रॉक्सिल, इपॉक्सी आणि कार्बॉक्सिल गट त्याला पाण्यात तरंगत ठेवतात. पण तेही साध्या पाण्यापुरतंच. माझी पहिली बॅच पाण्यात छान तपकिरी, एकसारखी दिसत होती. पेशींच्या माध्यमात टाकली आणि थोड्याच वेळात तळाशी काळा गाळ! माध्यमातले क्षार कडांवरचे ऋणभार झाकून टाकतात, मग थरांमधलं प्रतिकर्षण उरत नाही.

२००८ मध्ये स्टॅनफर्डला होंगजी दाय यांच्या गटाने नेमकी हीच अडचण सोडवली. त्यांनी कार्बॉक्सिल गटांना शाखायुक्त पीईजी जोडलं, त्यामुळे नॅनो-आकाराचे थर क्षारांत आणि सीरममध्येही स्थिर राहिले. मग त्यावर एसएन-३८ हे पाण्यात न विरघळणारं कॅन्सरविरोधी औषध चढवलं. त्यासाठी रासायनिक बंध लागला नाही. औषधातली सपाट वलयं थरावर पाय-पाय स्टॅकिंगने बसली. माझ्या मते ग्राफीनचा वैद्यकीय इतिहास खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. दोनच वर्षांनी चीनच्या सूचो विद्यापीठातल्या गटाने उंदरांतल्या गाठी पीईजी लावलेलं ग्राफीन आणि ८०८ नॅनोमीटरचा लेझर वापरून तापवून नष्ट केल्या, आणि पेपरांचा पूर आला.

त्या पुरात एक पेपर मात्र थांबून वाचण्यासारखा आहे. २०११ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या देबव्रत दाश यांच्या गटाने दाखवलं, की ग्राफीन ऑक्साइडमुळे माणसाच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि ते शिरेतून दिल्यास उंदरांच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या अडकतात. रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडचा प्लेटलेट्सवरचा परिणाम बराच कमी होता, म्हणजे दोष पृष्ठभागावरच्या भाराचा. पुढच्याच वर्षी त्यांनी अमाइन गट जोडलेलं ग्राफीन तपासलं, तर प्लेटलेट्स शांत आणि उंदरांत गुठळ्याही नाहीत. गंमत बघा, ज्या ऑक्सिजन गटांमुळे हा पदार्थ पाण्यात टिकला, त्यांनीच रक्तात घोळ घातला.

म्हणून 'ग्राफीन विषारी आहे का?' या प्रश्नाला मी हल्ली उत्तरच देत नाही. उलट विचारते: कुठलं? थरांचा आकार किती, ऑक्सिजन किती, वर काय जोडलंय, मात्रा किती, आणि शिरेतून दिलं की श्वासातून? पेपर हातात आला की मेथड्समध्ये आधी हे शोधा. सापडलं नाही, तर निकालांवर फार वेळ घालवू नका.

२०२४ मध्ये एडिनबरो आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी १४ निरोगी स्वयंसेवकांना अतिशय शुद्ध, पातळ ग्राफीन ऑक्साइड दोन तास हुंगायला दिलं. हवेतलं प्रमाण दर घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम. थर दोन आकारांचे होते. रक्तदाब, हृदयाचे ठोके, फुप्फुसांची क्षमता, दाहाचे निर्देशक, कशातच फरक पडला नाही. फक्त शरीराबाहेर घेतलेल्या रक्ताच्या चाचणीत गुठळी होण्याचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं.