प्राणवायूची पुरवठा साखळी : प्रमुख संज्ञा

बंगळुरू : कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये जाणवलेली प्राणवायूची टंचाई बऱ्याच अंशी वाहतुकीची टंचाई होती. कर्नाटकाचा दैनंदिन कोटा १,२०० टन करण्याचे निर्देश राज्याच्या उच्च न्यायालयाने ५ मे रोजी केंद्राला दिले. ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मात्र मंजूर कोटा रुग्णापर्यंत पोहोचणे पुढील दुव्यांवर अवलंबून असते.

एअर सेपरेशन युनिट : हवा अतिथंड करून तिच्यातील ऑक्सिजन, नायट्रोजन व आरगॉन वेगळे करणारा प्रकल्प. असे मोठे प्रकल्प बहुधा पोलाद कारखान्यांलगत असतात. उदाहरणार्थ, बळ्ळारी जिल्ह्यातील तोरणगल्लू.

द्रवरूप ऑक्सिजन : ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो. एक लिटर द्रवापासून सुमारे ८५० लिटर वायू मिळतो. म्हणून दूरची वाहतूक द्रवरूपातच परवडते.

क्रायोजेनिक टँकर : अतिथंड द्रव वाहून नेणारा, दुहेरी आवरणाचा टँकर. २०२१ मध्ये नायट्रोजन व आरगॉनचे टँकरही ऑक्सिजनसाठी वळवण्यात आले.

फेरीचा कालावधी : टँकर भरणे, नेणे, रिकामा करणे व परत आणणे यांस लागणारा एकूण वेळ. वीस टनी टँकरची फेरी दोन दिवसांची असल्यास रोज १०० टनांसाठी दहा टँकर लागतात. चार दिवसांची असल्यास वीस.

ऑक्सिजन एक्सप्रेस : द्रवरूप ऑक्सिजनची विशेष रेल्वेगाडी. कर्नाटकासाठीची पहिली गाडी टाटानगरहून १२० टन ऑक्सिजन घेऊन ११ मे २०२१ रोजी बंगळुरूतील व्हाइटफिल्ड येथे पोहोचली.

साठवण टाकी व व्हेपोरायझर : रुग्णालयाच्या आवारातील टाकीत द्रव साठवला जातो, व्हेपोरायझर त्याचे वायूत रूपांतर करतो. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला व वीसहून अधिक रुग्ण दगावले.

पुनर्भरण केंद्र : द्रवाचा वायू करून सिलिंडर भरणारे केंद्र. टाकी नसलेली लहान रुग्णालये यावरच विसंबून असतात. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात घनमीटर वायू मावतो.

पीएसए प्रकल्प : हवेतील नायट्रोजन शोषून घेऊन रुग्णालयातच सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देणारी यंत्रणा. तिला टँकर लागत नाही; अखंड वीज व नियमित देखभाल मात्र लागते.

पेसो : पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. नागपूर येथे मुख्यालय असलेली ही केंद्रीय संस्था सिलिंडर, टँकर व साठवण टाक्यांना परवाने देते.