सहकारी साखर कारखान्याचे व्यवस्थापन

सहकारी साखर कारखाना म्हणजे ऊस उत्पादकांनी भागभांडवल उभारून स्थापन केलेला व सहकार कायद्याखाली नोंदलेला प्रक्रिया उद्योग होय. त्याचे सभासद एकाच वेळी मालक, ऊस पुरवठादार आणि मतदार असतात. त्यामुळे त्याचे व्यवस्थापन भांडवली कंपनीहून वेगळे ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील लोणी येथील प्रवरा कारखान्यापासून महाराष्ट्रात ही पद्धत रूढ झाली.

पार्श्वभूमी

प्रवरेच्या कालव्यांमुळे या भागात ऊसशेती वाढली. हरेगावची बेलापूर कंपनी हा येथील जुना खासगी कारखाना. अशा कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवीत. विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यासाठी गावोगाव भागभांडवल गोळा केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, तर विखे पाटील उपाध्यक्ष. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला.

रचना

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. भाग कितीही असले तरी सभासदास एकच मत असते. सभासद पाच वर्षांसाठी संचालक मंडळ निवडतात. धोरण मंडळ ठरवते आणि दैनंदिन कारभार वेतनी कार्यकारी संचालक पाहतो. कारखान्यांवर पुणे येथील साखर आयुक्तांचे नियंत्रण असते. गैरकारभाराची चौकशी कलम ८३ खाली होते. कलम ८८ नुसार संस्थेचे झालेले नुकसान जबाबदार संचालक वा अधिकाऱ्यांकडून व्यक्तिशः वसूल करता येते.

उसाची देणी

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किमान दर देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते.

नियोक्ता म्हणून जबाबदारी

कारखान्यात कायम व हंगामी असे दोन प्रकारचे कामगार असतात. सुरक्षितता, भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि उपदान यांविषयीची कर्तव्ये कारखान्यावर असतात. उपदान कायम कामगारास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या, तर हंगामी कामगारास प्रत्येक हंगामामागे ७ दिवसांच्या वेतनाइतके मिळते.

ऊसतोड कामगार

ऊसतोड कामगारांचे स्थान मात्र वादग्रस्त राहिले आहे. बीड जिल्ह्यातून, तसेच अहिल्यानगरच्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून मजूर तोडणीसाठी येतात. करार प्रायः मुकादमाशी होतो. त्याच्यामार्फत हंगामापूर्वी जोडप्याला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, उचल दिली जाते व ती तोडणीच्या मजुरीतून फेडून घेतली जाते. मजुराचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसल्याने अपघात, आजारपण किंवा बाळंतपणात नियोक्ता कोण, हा प्रश्न उद्भवतो. मजुरी जोडप्याच्या नावे हिशेबात धरल्यामुळे स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र नोंद बहुधा होत नाही. कंत्राटी कामगारविषयक कायद्यात मुख्य नियोक्त्याची संकल्पना आहे. तथापि मजूर कारखान्याचा की मुकादमाचा, याविषयी मतभेद आहेत. तोडणीचे दर साखर संघ व कामगार संघटना यांच्यातील वाटाघाटींतून ठरतात. राज्य शासनाने या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केले आहे. त्याच्या निधीत कारखान्यांनाही वाटा द्यावा लागतो.