साचा एक, रंग वेगळे

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं, की पथारीवाल्यांची पोती सुटत असतात. त्या पोत्यांतून काय सांडतं ते पाहायला मी गेली बावीस वर्षं जातो आहे. मला हवे असतात शिशाचे शिपाई. कारखान्याने बनवणं केव्हाच थांबवलेले, कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेतून सुटून भंगारात आलेले. बहुतेक रविवारी मी रिकाम्या हातानेच परततो.

पाच वर्षांपूर्वीच्या एका रविवारी नटबोल्ट, घड्याळाचे पट्टे आणि पितळी तोट्यांच्या ढिगात एक बोटभर उंचीचा शिपाई दिसला. डोक्याला पागोटं, उजव्या हातात आडवी धरलेली बंदूक, पाय चालण्याच्या पवित्र्यात. अंगावर गेरूच्या रंगाच्या ऑइलपेंटचा जाड थर, कमरेला पिवळा पट्टा आणि कपाळावर ब्रशच्या टोकाने ओढलेलं गंध.

"मावळा आहे काका, किल्ल्यावरचा," पथारीवाला म्हणाला. "एकटाच उरलाय. वीस रुपये द्या."

मी तो तळहातावर घेतला. मातीचा मावळा हाताला कोरडा लागतो, प्लॅस्टिकचा हलका. हा थंड होता आणि जड होता. मात्र भरीव शिशाइतका जड नव्हता. पागोट्याच्या माथ्यावर एक बारीक भोक रंगाने बुजलेलं होतं. घासाघीस न करता मी वीस रुपये काढून दिले. हा मावळा लंडनहून आलेला होता.

त्या भोकाची गोष्ट १८९३ सालची. तोवर खेळण्यातल्या सैनिकांचा बाजार जर्मनांच्या हाती होता. न्युरेंबर्गचे चपटे सैनिक आणि ड्रेस्डेनचे भरीव सैनिक युरोपभर जात. लंडनच्या उत्तर भागातल्या हॉर्न्सीत विल्यम ब्रिटन यांचं कुटुंब चावीची खेळणी बनवत असे. त्यांच्या मुलाने, त्याचंही नाव विल्यमच, एक युक्ती शोधली. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, साच्याला टेकलेला बाहेरचा थर गोठला की साचा उलटा करून आतला रस परत काढून घ्यायचा. उरतो तो पोकळ शिपाई. धातू कमी, वजन कमी, किंमतही कमी. आठ पायदळी किंवा पाच घोडेस्वार असं एक खोकं एका शिलिंगला विकलं जाऊ लागलं आणि जर्मनांची मक्तेदारी मोडली.

ब्रिटन्सची दुसरी युक्ती मला अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनी नुसता 'सैनिक' विकला नाही, पलटण विकली. प्रत्येक खोक्यावर खऱ्या पलटणीचं नाव असे आणि त्याला एक क्रमांक असे. उंची सगळ्यांची ५४ मिलिमीटर, म्हणजे कोणतंही खोकं कोणत्याही खोक्याशेजारी मांडावं. पहिलं खोकं राजाराणीच्या दिमतीच्या लाइफ गार्ड्सचं. मग साम्राज्यातल्या पलटणी एकामागून एक आल्या. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशाच शिपायांनी दिवाणखान्यात लढाई खेळण्याचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, यावरून त्यांचा प्रसार लक्षात यावा. दुसऱ्या महायुद्धात कारखाना युद्धसामग्रीकडे वळवला गेला. युद्धानंतर शिपाई पुन्हा आले, पण शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली, प्लॅस्टिक स्वस्त झालं आणि १९६६ मध्ये शिशाचं ओतकाम कायमचं थांबलं.

तेव्हापासून जे शोधतात ते फक्त मागे उरलेलं शोधतात. आणि उरलेलंही टिकतंच असं नाही. शिपाई ओकच्या लाकडी कपाटात ठेवले, तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत शिपाई आपोआप झडून जातो. संग्राहक म्हणूनच दोन गोष्टींना जपतात, मूळ रंग आणि मूळ खोकं. नंतर कुणी रंगवलेल्या शिपायाला बाजारात फारशी किंमत नसते.

हिंदुस्थानी पलटणींची खोकी कारखान्याने पहिल्या काही वर्षांतच काढली. बंगालच्या घोडदळाची, मद्रासच्या पायदळाची, आणि ६८ क्रमांकाचं 'सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री'. मराठी संग्राहकाला या ६८चं वेड लागतं. मलाही लागलं. आपल्या मुलखाची पलटण, एवढंच कारण सुरुवातीला होतं. पलटणीचा इतिहास वाचला तेव्हा कारण बदललं.

खोकं निघालं तेव्हा त्यावरचं नाव जुनं झालेलं होतं. 'नेटिव्ह' हा शब्द सैन्याने १८८५ मध्येच पलटणींच्या नावांतून काढला होता. १९०३ च्या फेररचनेत ही पलटण १०२ वी ग्रेनेडियर्स झाली आणि तिचा वारसा आज भारतीय सेनेच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटकडे आहे. मागे गेलं तर ती पहिल्या मुंबई रेजिमेंटची दुसरी बटालियन ठरते. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली भीमेकाठी कोरेगावात दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी दिवसभर लढलेली बटालियन ती हीच.

एका कामाच्या दिवशी, गर्दी नसताना, मी नगर रस्त्याने कोरेगावला गेलो. स्तंभावर इंग्रजी आणि मराठी लेख आहेत आणि पडलेल्यांची नावं आहेत. कंपनीच्या ४९ मृतांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. मुंबईच्या सैन्यात तेव्हा मराठे, महार, मुसलमान, कोकणातले बेने इस्राएल असे सगळे एकाच पलटणीत असत. खिशातून मी वीस रुपयांचा शिपाई काढला आणि नावांसमोर धरला. तसं करण्यात काही अर्थ नव्हता. पण माझ्या संग्रहातल्या शंभरांहून अधिक शिपायांपैकी एकालाही नाव नाही, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

आता दोन तारखा शेजारी ठेवू. हॉर्न्सीत पोकळ शिपाई ओतला गेला १८९३ मध्ये. इकडे त्याच सुमारास, १८९२ नंतर, मुंबईच्या सैन्यात महारांची भरती बंद झाली. १८८५ पासून १८९३ पर्यंत सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांचा 'लढवय्या जाती'च्या सिद्धांतावर विश्वास होता. काही जाती जन्मतः शूर, काही नाहीत. पलटणी जातवार असाव्यात. दख्खनचे शिपाई उत्तरेकडच्यांच्या तोडीचे नाहीत, असा तो विचार. त्याने घराघरांचा आधार तुटला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. त्यानंतर वर्षभरातच त्यांच्या पिढीसाठी हे दार लागलं. दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर लवकरच मोडली गेली. महार रेजिमेंट स्थापन व्हायला १९४१ उजाडलं. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता.

म्हणजे लंडनच्या दुकानात 'सेकंड बॉम्बे' शिलिंगला विकली जात होती, त्या वर्षांत तिच्यासाठी कोरेगावात मेलेल्यांच्या नातवंडांना त्या सैन्यात शिरता येत नव्हतं.

इथे मी पुन्हा साच्याकडे येतो. ब्रिटन्सने मुंबईच्या शिपायासाठी वेगळा साचा केलाच नव्हता. मद्रास असो वा मुंबई, पागोटं घालून चालणारा हिंदुस्थानी शिपाई एकाच साच्यातून निघे. कोट, विजार, पागोटं यांचे रंग बदलले की पलटण बदलली. हे रंग देणाऱ्या बहुतेक बायका होत्या, तुकड्यामागे मजुरी घेणाऱ्या. रंग खरवडून काढा, मद्रासी आणि मुंबईकर शिपाई एकमेकांपासून ओळखू येणार नाहीत. कारखानदाराला हे पक्कं ठाऊक होतं, त्यात त्याचा पैसा वाचत होता. सैन्याच्या कचेरीत मात्र उलटं चाललं होतं. एका फळीत उभं राहून मेलेली माणसं वेगवेगळ्या साच्यांतली आहेत, असं तिथे कागदोपत्री सिद्ध केलं जात होतं.

माझ्या शिपायाची पलटण मला ठरवता येईल का? एक मार्ग आहे. वरचा ऑइलपेंट कापसाने, द्रावणाने, थोडा थोडा विरघळवायचा. खाली कोटाचा मूळ रंग राहिला असेल तर तो मद्रासचा की मुंबईचा हे कळेल. माझ्या एका संग्राहक मित्राने हे करायला सांगितलं. "मुंबईचा निघाला तर तुझी बावीस वर्षं फळाला आली," तो म्हणाला.

मी टेबलावर दिवा ओढला, कापूस घेतला, बाटली उघडली. भिंगाखाली ते गंध दिसलं. थोडं वाकडं, डाव्या भुवईकडे सरकलेलं. आमच्या वाड्यातही दिवाळीत किल्ला होई. विटा-मातीचा, वर अळीव पेरलेलं, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. एखादा फुटला की थोरला भाऊ सापडेल ती बाहुली रंगवून पहाऱ्यावर उभी करी. कुण्या घरात असाच मावळा कमी पडला असणार, आणि कुणीतरी कंपनीच्या शिपायाला गंध लावून महाराजांच्या फौजेत भरती करून घेतलं. जात विचारली नाही, पलटण विचारली नाही.

मी बाटलीचं झाकण लावलं.

६८ क्रमांकाचं खोकं मी अजून शोधतो आहे. रविवारची फेरी चुकत नाही. मिळालं तर त्यातले आठ शिपाई कपाटात एका ओळीत उभे राहतील. कपाट पत्र्याचं आहे, लाकडाचं नाही. मित्राच्या मते मावळ्याची जागा त्या ओळीत नाही, कारण तो मुंबईचाच आहे हे सिद्ध झालेलं नाही. त्याचं म्हणणं नियमाला धरून आहे. दिवाळीत शेजारची मुलं किल्ला करतात तेव्हा मी तो चार दिवस त्यांना देतो, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवायला सांगतो. यंदा त्यांनी त्याला मुख्य दरवाजावर उभा केला आहे.