एतद्देशीय धर्मगुरु व समतेचा प्रश्न

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंची यादी छापण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वसई व साष्टी प्रांतांतील जुन्या देवळांच्या अशा याद्या वाचीत असतां एक गोष्ट वाचकांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. आरंभींचीं नांवें पोर्तुगीज, पुढचींही पोर्तुगीज, तेव्हां हे सारे पाद्री युरोपांतून आले असावेत असा समज होतो. वस्तुतः १७३९ सालीं वसईचा किल्ला पडल्यानंतरचीं बहुतेक नांवें ह्याच देशांत, विशेषतः गोमांतकांत, जन्मलेल्या पुरुषांचीं आहेत. त्यांच्या पूर्वजांस बाप्तिस्म्याच्या वेळीं परकीय आडनांवें मिळालीं व त्या आडनांवांखालीं त्यांचें देशीपण झांकून गेलें.

ह्या पुरुषांस वेदीपर्यंत पोंचावयास काय काय सोसावें लागलें, त्याची हकीकत याद्यांतून मिळत नाहीं. ती थोडक्यांत येथें देतों.

गोव्यास १५५७ सालीं आर्चबिशपांचें पीठ झालें. लोक सहस्रावधि ख्रिस्ती होत होते. परंतु त्यांच्यांतून संघस्थ धर्मगुरु व्हावेत हें बहुतेक युरोपीय संघांस पसंत नव्हतें. मलबारांतील ब्राह्मण कुळांत जन्मलेला पेरो लुईस १५६१ सालीं येशूसंघांत घेतला गेला व १५७५ सालीं त्यास गुरुदीक्षा मिळाली. १५९६ सालीं तो निवर्तला. त्याची वागणूक निर्दोष होती, तरी त्याच्यामागें तें दार व्यवहारतः लागलें, तें १७५९ सालीं पोर्तुगीज मुलुखांतून त्या संघाची हकालपट्टी होईपर्यंत लागलेलेंच राहिलें. देशी तरुणांस बिशपांच्या हाताखालीं साधी गुरुदीक्षा मिळे, परंतु नेमणूक बहुधा मदतनिसाची. देशी धर्मगुरूस लोक मान देणार नाहींत, असें कारण सांगत. लोकांनीं मान न देण्याचा धडा कोणापासून घेतला, हें मात्र कोणी विचारीत नसे.

दिवाडी बेटावरील मातेउस दे कास्त्रो ह्यास तर साधी गुरुदीक्षाही नाकारण्यांत आली. गोव्याचे तत्कालीन आर्चबिशप त्यास दीक्षा देईनात. तेव्हां हा तरुण खुष्कीच्या मार्गानें निघाला व १६२५ सालीं रोमला पोंचला. तेथें पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनीं १६२२ सालीं धर्मप्रसाराचें मंडळ स्थापिलें होतें, आणि दूरदेशच्या ख्रिस्तसभा तेथल्याच धर्मगुरूंच्या हातीं द्याव्यात असा त्या मंडळाचा विचार होता. कास्त्रो रोमला शिकला, धर्मगुरु झाला, आणि १६३७ सालीं त्यास बिशपपदाचा अभिषेक होऊन आदिलशाही मुलुखाचा अपोस्तलिक प्रतिनिधि नेमण्यांत आलें. ज्यास गोव्यांत साधें धर्मगुरु होऊं देत नव्हते, तो बिशप होऊन परत आला! त्यानें डिचोलीस ठाणें दिलें व देशी तरुणांस दीक्षा दिली. गोव्याच्या अधिकाऱ्यांशीं त्याचे खटके जन्मभर उडत राहिले. त्याचा स्वभाव तिखट होता, लेखणी त्याहून तिखट. त्याच्या साऱ्याच कृत्यांचें समर्थन करतां येणार नाहीं. परंतु ज्याचें अर्धें आयुष्य बंद दारें ठोठावण्यांत गेलें, त्याच्यापाशीं मृदु भाषा कोठून असणार? शेवटीं तो रोमलाच वारला.

गोव्यांतील देशी धर्मगुरूंनीं पुढें दुसरा मार्ग काढला. परकीय संघ आपणांस घेत नाहींत, तर आपला संघ आपणच काढूं, अशा विचारानें १६८२ सालीं ओरेटोरियन मंडळी उभी राहिली. १६८५ सालीं जोसेफ वाझ ह्या मंडळींत आले, व १६८७ सालीं मजुराच्या वेषांत श्रीलंकेंत उतरले. डच सरकारच्या छळानें तेथील कॅथलिक धर्मगुरूंवांचून पोरके झाले होते. त्यांस ह्या एका पुरुषानें सांवरलें. १७११ सालीं कँडी येथें त्यांचा अंत झाला, व २०१५ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें. हिंदी माणूस वेदीवरील सेवेस लायक नाहीं, ह्या म्हणण्यास ह्याहून चोख उत्तर मिळावयाचें नाहीं.

परंतु प्रिय वाचकहो, येथें थोडें थांबणें भाग आहे. ज्या ओरेटोरियन मंडळीनें हा संत दिला, तिचें दार फक्त ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती तरुणांस उघडें होतें. चार्दो कुळांतील तरुणांसाठीं पुढें चिंबल येथें कार्मेलाइट मंडळी निराळी झाली. त्यांच्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्या मुलांस तर दोन्हीकडे मज्जाव. गोऱ्यानें काळ्यास दूर ठेविलें म्हणून ज्यांनीं अश्रु ढाळले, त्यांनींच आपल्या बंधूंस पायरीखालीं उभें केलें. गोव्यांतील अनेक देवळांच्या कोन्फ्रारियांतही जातीची हीच वांटणी होती. कोणी कोणता झगा घालावा व सणाचा मान कोणाचा, ह्यावरून तंटे झाले. हें लिहितांना आम्हांस आनंद होत नाहीं. पण देशी धर्मगुरूंची थोरवी गातांना हें पान फाडून टाकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

पुढें कायद्यानें समता आली. पोर्तुगालचा प्रधान पोंबाल ह्याच्या कारकीर्दींत, २ एप्रिल १७६१ रोजीं, पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजेस पोर्तुगालांत जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क देणारें फर्मान निघालें. त्यांस हिणवून बोलणेंही शिक्षेस पात्र ठरलें. फर्मान ख्रिस्ती प्रजेपुरतेंच होतें, हिंदु प्रजा त्यांत नव्हती. आणि तेंही गोव्यांत दडपून राहिलें, म्हणून १७७४ सालीं लिस्बनहून पुन्हां ताकीद द्यावी लागली. एवढें होऊनही मोठीं पदें देशी धर्मगुरूंच्या वांट्यास येईनात. ह्याच असंतोषांतून १७८७ सालचा 'पिंतोंचा कट' निघाला. सत्तेचाळीस इसम पकडले गेले, त्यांत सतरा धर्मगुरु होते. पंधरा जणांस १७८८ सालीं देहान्त शासन झालें, आणि धर्मगुरूंस लिस्बनच्या तुरुंगांत धाडण्यांत आलें.

इकडे उत्तर कोंकणांत मात्र इतिहासानें विचित्र न्याय केला. मराठ्यांचा अंमल येतांच युरोपीय संघस्थांस जावें लागलें, व ज्यांस दुय्यम मानलें होतें त्या देशी धर्मगुरूंवर वसई-साष्टीच्या ख्रिस्ती कुटुंबांचा भार येऊन पडला. मठ ओसाड पडले, उत्पन्न गेलें. तरी बाप्तिस्मे, लग्नें व मृतांचे विधि चालू राहिले. आज आपल्या घरांतून रोझरी चालते तिचें श्रेय ह्या नांव न उरलेल्या माणसांस पुष्कळ आहे.

पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९३ सालीं हिंदी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठीं कँडी येथें पेपल सेमिनरी काढली. ती १९५५ सालीं पुण्यास आली. १९२३ सालीं तिबुर्तियस रोश तुतिकोरिनचे बिशप झाले. मुंबईच्या पीठाविषयीं १९२८ सालचा ठराव तर असा कीं, एक आर्चबिशप पोर्तुगीज व दुसरा ब्रिटिश अशी पाळी असावी. हिंदी माणसाची पाळीच नव्हती! आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स ह्यांनीं १९४६ सालीं आपण होऊन कारभार साहाय्यक बिशप व्हॅलेरियन ग्रेशियस ह्यांच्या हातीं सोंपविला व स्वतः दूर झाले. १९५० सालीं ग्रेशियस आर्चबिशप झाले, १९५३ सालीं पहिले हिंदी कार्डिनल. अधिकारावर असलेल्यानें स्वतः उठून जागा करून देणें, असें उदाहरण ह्या साऱ्या हकीकतींत आम्हांस फारसें दुसरें आढळत नाहीं. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन मराठी लेखक थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले.

दलित समाजांतील पुरुष कार्डिनल होण्यास मात्र २०२२ साल उजाडलें. त्या वर्षीं हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला ह्यांस तो मान मिळाला. कास्त्रोच्या अभिषेकानंतर तोपर्यंत ३८५ वर्षें लोटलीं होतीं.